सोळा डोक्यांची डिस्क

आमच्या घरी 'हार्डवेअर' म्हणजे नट, बोल्ट, बिजागऱ्या, पीव्हीसी पाइप आणि नळाच्या तोट्या. बाबांचं तासगावात हार्डवेअरचं दुकान आहे. मी इंजिनिअरिंगला गेल्यावर "बाप हार्डवेअरमध्ये, पोरगा सॉफ्टवेअरमध्ये" हा विनोद नातेवाइकांनी इतक्यांदा केला, की आता कुणी तोंड उघडायच्या आधीच मी हसून घेतो.

२००५ साली दुकानासाठी एक कॉम्प्युटर घेतला होता. असेंबल केलेला, विंडोज एक्सपीवाला, ४० जीबीची हार्ड डिस्क. बाबांची उधारीची वही हळूहळू त्यात गेली. कोणी किती पाइप नेले, किती दिले, किती राहिले, सगळं. पुढे लॅपटॉप आला आणि जुना डबा चादरीत गुंडाळून माळ्यावर चढला. उधारीच्या फायली मात्र त्यातच राहिल्या. "काढून घेऊ सवडीनं," असं बाबा म्हणायचे. सवड झाली नाही.

२०१८च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो डबा खाली उतरवला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि स्वतःची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याचं वेड लागलं होतं. छोटी म्हणजे किती? सुरू व्हायची, स्क्रीनवर चार ओळी लिहायची, कीबोर्डवर दाबलेलं अक्षर दाखवायची. आता तिला हार्ड डिस्क ओळखायला शिकवत होतो. क्यूएमू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या खोट्या कॉम्प्युटरवर, सगळं व्यवस्थित चालत होतं. मला ते खऱ्या लोखंडावर चालवून बघायचं होतं.

उधारी त्या डिस्कवर आहे हे मला माहीत होतं. म्हणून मी कोडमध्ये एक नियम घालून ठेवला होता: पहिल्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. दुसरी डिस्क सापडली तरच तिच्या पहिल्या दहा सेक्टरांवर चाचणीपुरते बाइट लिहायचे आणि परत वाचून बघायचे. सीडीवरून माझी सिस्टिम सुरू केली. स्क्रीनवर ओळी आल्या: डिस्क ०, अमुक मॉडेल. डिस्क १, तेच मॉडेल. चाचणी यशस्वी.

दोन क्षण मी खूश होतो. मग आठवलं, की या डब्यात डिस्क एकच आहे.

*

तुमच्या फोनला त्याची मेमरी कुठे आहे हे शोधावं लागत नाही. कारखान्यातच ते ठरलेलं असतं आणि फोनच्या सॉफ्टवेअरला तसं लिहून दिलेलं असतं. पीसीचं तसं नाही. पीसी हा पहिल्यापासून जत्रेतला मांडव. कोण कुठून येऊन कुठली खुर्ची पकडेल याचा नेम नाही. त्यामुळे सुरू होणाऱ्या प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला आधी अंधारात हाक मारावी लागते: कोणी आहे का?

गंमत अशी, की सुरुवातीला या हाकेला उत्तर द्यायला डिस्कला तोंडच नव्हतं.

१९८० साली अ‍ॅलन शुगार्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कंपनीनं (तिचं नाव पुढे सीगेट झालं) एसटी-५०६ ही सव्वापाच इंची डिस्क आणली. क्षमता ५ एमबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा शुभप्रभातचा एखादा व्हिडिओ तिच्यात मावणार नाही. या डिस्कमध्ये मोटर होती, तबकड्या होत्या, चार हेड होते, पण अक्कल जवळपास नव्हती. सगळी अक्कल कंट्रोलर नावाच्या वेगळ्या कार्डावर. ते कार्ड दोन केबलींनी डिस्कला जोडलेलं असे आणि तारांवरून ढोसून तिला हलवत असे: एक पाऊल आत, एक पाऊल बाहेर. डिस्ककडून परत येणारे इशारे मोजकेच. मी तयार आहे. मी पोचले. मी शून्य नंबरच्या ट्रॅकवर आहे. लिहिताना काहीतरी बिघडलं. आपल्यावर किती ट्रॅक आहेत, किती हेड आहेत, हे ती सांगूच शकत नव्हती. सांगायला तारच नव्हती.

मग ते कोण सांगणार? माणूस. १९८४ साली आयबीएमनं पीसी-एटी आणला तेव्हा त्याच्या बायोसमध्ये डिस्कच्या प्रकारांचा एक तक्ता छापलेला होता. प्रकार १ला इतके सिलिंडर, इतके हेड. प्रकार २ला इतके. आपली डिस्क ज्या प्रकारात बसते त्याचा नंबर सेटअपमध्ये भरायचा, आणि तो सेटअपही फ्लॉपीवरून चालवायचा. भरलेला नंबर घड्याळाच्या चिपमध्ये जाऊन बसायचा. ती चिप बॅटरीवर जिवंत असे, आणि तिच्यात एकूण ६४ बाइट. त्यातले १४ घड्याळालाच लागायचे. उरलेल्यांत सगळ्या मशीनचा संसार. त्यातला एक बाइट दोन डिस्कना मिळून होता, म्हणजे एका डिस्कला अर्धा बाइट, चार बिट. चार बिटांत ० ते १५ एवढेच आकडे मावतात. शून्य म्हणजे डिस्क नाही. तक्ता पुढे वाढला तेव्हा १५चा अर्थ झाला, 'नंबर इथे मावत नाही, पलीकडच्या बाइटात बघा'.

बॅटरी संपली की मशीन आपली डिस्क विसरायचं. डिस्क जागेवर, डेटा जागेवर, पण मशीनच्या लेखी डिस्क नाहीच. जुन्या लोकांच्या बोलण्यात 'सीमॉसची बॅटरी गेली' हे वाक्य एवढं का येतं ते मला हे वाचल्यावर कळलं.

याच पीसी-एटीच्या कंट्रोलर कार्डानं आणखी एक गोष्ट ठरवून टाकली. प्रोसेसरनं डिस्कशी बोलायचं ते १एफ० ते १एफ७ या आठ पोर्टांवरून. (हे सोळाच्या पद्धतीतले आकडे: नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ.) पोर्ट म्हणजे पोस्टाच्या पेट्यांसारखा प्रकार. एका पेटीत सेक्टरचा नंबर टाकायचा, एकीत हेडचा, शेवटच्या पेटीत हुकूम. हे पत्ते त्या वेळी एका कार्डापुरते नेमले होते. मी २०१८ साली माझ्या कोडमध्ये तेच लिहिले.

*

१९९१च्या सप्टेंबरात हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सची पहिली आवृत्ती, ०.०१, खुली केली. त्या कोडमध्ये डिस्क कशी ओळखली जाते हे शोधत मी गेलो तेव्हा कळलं, की ओळखलीच जात नाही. कॉन्फिग नावाच्या फायलीत आकडे सरळ लिहून ठेवलेत: हेड ५, सेक्टर १७, ट्रॅक ९८०. अशा दोन डिस्क. गुणाकार करा: ८३,३०० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे सुमारे ४० एमबी. त्या आकड्यांच्या डोक्यावर नाव आहे 'लिनस एचडी'. शेजारी 'लासू एचडी' नावाचा दुसरा संच आहे. लासू म्हणजे त्याचा विद्यापीठातला मित्र लार्स विर्झेनियस. म्हणजे लिनक्सला जगातल्या दोनच मुलांचे कॉम्प्युटर माहीत होते. तुमचा तिसरा असेल तर फाइल उघडा, आपले आकडे भरा आणि सगळं पुन्हा कंपाइल करा. महिनाभर आधी मिनिक्सच्या मंडळींना आपल्या उद्योगाबद्दल कळवताना त्यानं हेही सांगून टाकलं होतं, की एटीच्या हार्ड डिस्कखेरीज यात बहुधा दुसरं काही कधी चालणार नाही, कारण आपल्याकडे तेवढीच आहे.

डिसेंबरातल्या ०.११ आवृत्तीत ओळख आली, आणि ती अस्सल जुगाडू आहे. कर्नल आधी बायोसनं मेमरीत मांडून ठेवलेला डिस्कचा तक्ता वाचतो. पण बायोसवर पूर्ण विश्वास ठेवत नाही. कारण स्कझीसारख्या वेगळ्या कंट्रोलरवरची डिस्कही बायोस त्याच तक्त्यात दाखवू शकतो, आणि तिच्याशी १एफ०च्या भाषेत बोलायला गेलं तर पलीकडे कोणीच नसतं. मग खात्री कशी करायची? तर घड्याळाच्या चिपमधला तो अर्धा-अर्धा बाइट वाचायचा. तिथे शून्य असेल तर ही डिस्क आपल्या भाषेतली नाही, सोडून द्या. एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याला विचारून ताडून बघायचं, ही पद्धत आमच्याकडे स्थळं बघताना वापरतात.

लिनसच्या आत्मकथेत एक प्रसंग आहे. त्याला मोडेमवरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा होता. फोन लावण्याचा आदेश मोडेमकडे पाठवायच्या ऐवजी चुकून त्यानं डिस्कच्या नावावर पाठवला. नंबर फिरवायचा आदेश डिस्कवर लिहिला गेला आणि त्याचं मिनिक्सचं पार्टिशन बाद झालं. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी तो मग आपल्या लिनक्सवरच राहायला गेला. त्या दिवाळीत हा प्रसंग वाचून मला बराच धीर आला होता. फरक एवढाच, की त्याच्या डिस्कवर कुणाची उधारी नव्हती.

*

डिस्कला तोंड फुटलं ते १९८६च्या सुमाराला. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांनी मिळून कंट्रोलर कार्डावरून उचलला आणि थेट डिस्कच्या अंगावर बसवला. म्हणून नाव आयडीई, यातला आय म्हणजे 'इंटिग्रेटेड'. पुढे १९९४ साली याचं अधिकृत प्रमाण ठरलं तेव्हा नाव पडलं एटीए. त्यातलं एटी म्हणजे तोच पीसी-एटी.

कंट्रोलर अंगावर आल्यामुळे डिस्कला स्वतःबद्दल माहिती ठेवता येऊ लागली. आता तिला विचारता येणार होतं. तो प्रश्न म्हणजे ईसी नंबरचा हुकूम, नाव आयडेंटिफाय. तो १एफ७ या पेटीत टाकला की डिस्क ५१२ बाइटांचं उत्तर देते. त्यात मॉडेलचं नाव ४० अक्षरांत, सिरियल नंबर २० अक्षरांत, आणि क्षमता. पहिल्यांदा क्यूएमूमधल्या खोट्या डिस्कनं माझ्या हाकेला ओ दिली, ती रात्रीची अडीचची वेळ होती. हॉस्टेलवर कोणी जागं नव्हतं, नाहीतर उठवून दाखवलं असतं.

फक्त नाव उलटंपालटं आलं. जोडीजोडीनं अक्षरांची अदलाबदल. म्हणजे 'राजाराम' असं नाव असेल तर 'जारामरा' वाचायचं. प्रमाणात दर जोडीतलं पहिलं अक्षर वरच्या बाइटात ठेवलंय आणि इंटेलचा प्रोसेसर खालचा बाइट आधी मांडतो, त्याचा हा परिणाम. डिस्कचा ड्रायव्हर लिहिणारा प्रत्येक जण या ठिकाणी एकदा चमकतो. वाल्या कोळ्याचं 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' झालं, तसं इथेही कोडमध्ये प्रत्येक जोडी उलटून घ्यावी लागते.

आता खरी मेख. एका केबलवर दोन डिस्क लागू शकतात, मास्टर आणि स्लेव्ह. (नावं त्या काळची, प्रमाणात पुढे नुसतं डिव्हाइस ० आणि १ झालं.) दोघींच्या पोस्टाच्या पेट्या एकच. १एफ६ या पेटीत ए० टाकलं की पुढचं बोलणं पहिलीशी, बी० टाकलं की दुसरीशी. पत्ता बदलल्यावर डिस्कला भानावर यायला ४०० नॅनोसेकंद द्यावे लागतात. त्यासाठी स्टेटसची पेटी उगाचच चार वेळा वाचायची पद्धत आहे. मुळात केबलच नसेल तर वाचताना बहुधा एफएफ येतं, म्हणजे सगळे बिट एक. तारा मोकळ्या लोंबकळतात, त्यांचा तो आवाज. पण पहिली डिस्क असेल आणि दुसरी नसेल तर? तर दुसरीच्या वतीनं पहिलीनं उत्तर द्यायचं असा नियम आहे: स्टेटस शून्य. शेजारी घरी नाहीत हे आपल्या दारातून सांगावं तसं. ते शून्य दिसलं की थांबायचं. आणि सीडी ड्राइव्ह असेल तर तो आयडेंटिफायला नकार देतो, पण जाता जाता दोन पेट्यांत १४ आणि ईबी असे आकडे ठेवून जातो. त्यावरून ओळखायचं, की हा आपल्यातलाच आहे, फक्त वेगळ्या जातीचा, याला वेगळा हुकूम द्यायला हवा.

हे सगळं मी वाचलेलं होतं आणि कोडमध्ये लिहिलेलंही होतं. चूक पत्त्यात होती. कुठल्या डिस्कशी बोलायचं हा नंबर माझं फंक्शन घ्यायचं आणि विसरून जायचं. १एफ६मध्ये दर वेळी ए०च जायचं. माझी 'दुसरी डिस्क' म्हणजे पहिलीच, पुन्हा. लिहिण्याच्या फंक्शनमध्ये तीच ओळ मी जशीच्या तशी चिकटवली होती. क्यूएमूमध्ये हे कसं कळलं नाही? तिथे मी दोन डिस्क जोडल्या होत्या आणि क्यूएमूमधल्या सगळ्या डिस्कचं मॉडेल एकच असतं: 'क्यूएमू हार्डडिस्क'. सिरियल नंबर वेगळे असतात, क्यूएम००००१ आणि क्यूएम००००२. मी सिरियल नंबर छापतच नव्हतो. कशाला उगाच स्क्रीनवर गर्दी.

*

डबा पुन्हा सुरू केला. काळ्या स्क्रीनवर एक ओळ: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं रे?"

"काही नाही बाबा. बघतोय."

"उधारी आहे बरं का त्यात."

"हो, माहितेय."

दोन रात्री मी त्यांना काही सांगितलं नाही. एका मित्राकडून आयडीईचं यूएसबी करून देणारं कन्व्हर्टर आणलं, डिस्क बाहेर काढली, माझ्या लॅपटॉपला जोडली आणि एकेक सेक्टर वाचायला बसलो. पहिले दहा सेक्टर माझ्या चाचणीच्या बाइटांनी भरलेले. सेक्टर शून्यावर पार्टिशनचा तक्ता असतो, ६४ बाइटांचा. तो गेला होता. त्यापुढे काय उरलंय ते समजेना. अकरावा सेक्टर, सगळी शून्यं. बारावा, शून्यं. तेरावा, चौदावा, तिसावा, शून्यं. मी घाबरलो. मी एवढं कुठे पुसलं होतं? मग ६३ क्रमांकाच्या सेक्टरवर अक्षरं दिसली: एनटीएफएस. विंडोजचं पार्टिशन तिथून सुरू होत होतं, धडधाकट.

६३च का? त्यामागे या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी थाप आहे.

जुन्या पद्धतीत डिस्कवरची जागा तीन आकड्यांनी सांगायचे: सिलिंडर, हेड, सेक्टर. बायोसनं सेक्टरला सहा बिट दिले होते आणि सेक्टरची मोजणी एकपासून, म्हणजे जास्तीत जास्त ६३. सिलिंडरला दहा बिट, म्हणजे १०२४. हेडला आठ, म्हणजे २५६. इकडे आयडीईच्या पेट्यांत हेडला चारच बिट, म्हणजे १६. दोघांना मान्य होईल असं काढायचं तर १०२४ गुणिले १६ गुणिले ६३, म्हणजे ५२.८ कोटी बाइट. नव्वदीच्या पहिल्या काही वर्षांत डिस्क या भिंतीला येऊन थडकल्या. मग बायोस खोटं बोलायला शिकला. डिस्ककडून १६ हेड ऐकायचे आणि ऑपरेटिंग सिस्टिमला २५५ सांगायचे, सिलिंडर त्या प्रमाणात कमी करायचे. त्यानं मर्यादा ८.४ जीबीपर्यंत सरकली.

पण डिस्कही काही खरं बोलत नव्हती. तबकडीच्या बाहेरच्या कडेला जागा जास्त, आतल्या बाजूला कमी. त्यामुळे नव्या डिस्कमध्ये बाहेरच्या ट्रॅकवर जास्त सेक्टर बसवलेले असतात. 'दर ट्रॅकला अमुक सेक्टर' हे वाक्य मुळातच खोटं झालेलं. तीन आकड्यांत खरं सांगणं शक्यच नव्हतं, म्हणून डिस्क सगळ्यांना झेपेल असं काहीतरी ठोकून द्यायची: १६ हेड, ६३ सेक्टर. रावणाला दहा, हिला सोळा. पुढे सेक्टरना सरळ ओळीनं नंबर द्यायची पद्धत आली, आधी २८ बिटांची, म्हणजे १३७ जीबीपर्यंत, मग ४८ बिटांची. तेव्हापासून खऱ्या कामाला ते तीन आकडे कोणी वापरत नाही. पण उत्तरात त्यांची जागा ठेवलीय. ८.४ जीबीहून मोठी कुठलीही डिस्क त्या जागी एकच ठरलेलं उत्तर देते: १६३८३, १६, ६३. जिच्यात ना तबकडी ना हेड, ती साटा एसएसडीसुद्धा हेच सांगते.

आणि एक्सपीच्या काळापर्यंत पार्टिशन ट्रॅकच्या सुरुवातीला बसवायचा रिवाज होता. पहिला ट्रॅक तक्त्यासाठी राखीव. त्यातला एक सेक्टर वापरायचा, उरलेले ६२ मोकळे. (तेवढ्या जागेत काही व्हायरस लपायचे आणि लिनक्सचा ग्रब बूटलोडरही आपला एक तुकडा तिथेच ठेवतो.) व्हिस्टापासून हे बदललं, पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होऊ लागलं. पण आमच्या डिस्कवर तो न वापरलेला पट्टा होता. तिच्यावर ६३ सेक्टरांचा ट्रॅक खरोखर कुठेही नसताना, त्या काल्पनिक ट्रॅकच्या मानासाठी सोडलेली जागा. माझे दहा सेक्टर तिच्यात पडले.

टेस्टडिस्क नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ते पूर्ण डिस्क चाळून पार्टिशनच्या खुणा शोधतं आणि तक्ता पुन्हा लिहून देतं. दोन्ही ड्राइव्ह, सी आणि डी, परत दिसले. उधारीच्या फायली मी पहिल्यांदा तीन ठिकाणी कॉपी केल्या आणि मगच बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मग आता तरी ती काढून घेतलीस ना?" एवढंच म्हणाले.

*

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो सोपा होत गेला, आणि सोप्या गोष्टींत मला सांगण्यासारखं कमी सापडतं.

डिस्कला तोंड फुटलं तरी कंट्रोलर कुठे आहे हे गृहीतच धरावं लागायचं. नव्वदीच्या सुरुवातीच्या कार्डांवर पत्ता जम्परनं ठरायचा. ऑपरेटिंग सिस्टिम संशयित पत्त्यांवर टकटक करायची आणि चुकीच्या दारावर टकटक झाली तर एखादं नेटवर्क कार्ड मशीनच गोठवून टाकायचं. लिनक्सला सुरू होतानाच 'या पत्त्यांना हात लावू नकोस' असं बजावून ठेवायची सोय त्यासाठी करावी लागली. १९९२ साली इंटेलनं पीसीआय आणली आणि हा आंधळेपणा संपला. आता प्रत्येक कार्डाला २५६ बाइटांची ओळखपाटी. तिच्यात कंपनीचा नंबर असतो; इंटेलनं स्वतःचा घेतला ८०८६, आपल्या जुन्या प्रोसेसरचा. आणि कामाचा प्रकार: ०१ म्हणजे साठवण, त्यात पुढे ०१ म्हणजे आयडीई, ०६ म्हणजे साटा, ०८ म्हणजे एनव्हीएमई. जागा रिकामी असेल तर एफएफएफएफ. तरीही मदरबोर्डवरचे आयडीई कंट्रोलर कित्येक वर्षं जुन्या वळणानं १एफ०लाच राहिले, कारण सगळं जुनं सॉफ्टवेअर त्यांना तिथेच शोधायला यायचं.

२००४ साली साटासाठी एएचसीआय आलं. पोर्टांच्या पेट्या गेल्या, सगळं मेमरीतून. पण एएचसीआयमध्ये पलीकडे काय जोडलंय हे सांगणारं एक रजिस्टर आहे. डिस्क असेल तर त्यात १०१ येतं. सीडी ड्राइव्ह असेल तर ईबी१४०१०१. नीट बघा, तेच ते १४ आणि ईबी. लिनक्सनं आपला जुना आयडीई ड्रायव्हर २०२१ साली, ५.१४ आवृत्तीत, काढून टाकला. त्याचं काम साटाच्याच ड्रायव्हरकडे गेलं. २०११पासूनच्या एनव्हीएमईनं तर एटीएची भाषाच टाकून दिली. तिथला आयडेंटिफाय वेगळा आहे, उत्तर ४,०९६ बाइटांचं, नाव सुलटं. पण मॉडेलला जागा ४० अक्षरं. सिरियल नंबरला २०. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ऑफिसात एकटाच मोठ्यानं हसलो.

सिरियल नंबर मी आता पहिल्यांदा छापतो.

गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा ती ४० जीबीची डिस्क खरोखरच गेली. जोडली की टकटक आवाज करायची आणि आयडेंटिफायला उत्तर यायचं नाही. बाबा म्हणाले, उघडून बघू. दुकानातून त्यांनी ताऱ्याच्या तोंडाचे पाने आणले, एकाचा माप बसला. लेबलखाली लपलेला एक स्क्रू त्यांनाच आधी सापडला. झाकण निघालं. आत आरशासारखी एक तबकडी, आणि तिच्या वर एक, खाली एक, अशी दोन हेडं. मी उगाचच परत मोजली. दोनच.

बाबांना त्या सगळ्यात आवडलं ते हेड हलवणाऱ्या भागातलं लोहचुंबक. दोन बोटांएवढं, पण हातातून सुटेना. ते आता दुकानात गल्ल्याच्या बाजूला चिकटवलेलं आहे आणि काउंटरवर सांडलेले स्क्रू त्याला लावून ठेवतात.